बाही कुठवर, सोनं किती

लग्नाचा गाऊन शिवायला आलेली मुलगी कापडाचं काही विचारायच्या आधी विचारते, "आंटी, फादरना चालेल ना?" मोबाइलवर फोटो तयार असतो. खांदे उघडे, पाठ कमरेपर्यंत उघडी, आणि खाली घेर एवढा की आमच्या गल्लीतून नेताना दोघींनी उचलून धरावा लागेल. मागच्या खुर्चीवर तिची आई बसलेली असते. ती बोलत काही नाही, फक्त माझ्याकडे बघते, आणि 'तू नाही म्हण' एवढंच त्या बघण्यात असतं. त्यामुळे फादरना चालेल की नाही हा प्रश्न फादरपर्यंत कधी जातच नाही. तो माझ्या कटिंगच्या टेबलावरच मिटतो.

मी अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात राहते. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीतले मूळचे कॅथलिक, घरात मराठी बोलणारे. (पश्चिम किनाऱ्यावर राहून नाव ईस्ट इंडियन कसं, असं सगळेच विचारतात. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीची पन्नास वर्षं साजरी झाली तेव्हा आमच्या लोकांनी हे नाव घेतलं. ती गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे.) पुढच्या खोलीत माझ्या मशिनी. लग्नाचे गाऊन, फर्स्ट कम्युनियनचे (मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते, तो सोहळा) पांढरे फ्रॉक आणि मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, साडी नेसून जाणाऱ्या बायकांचे ब्लाउज, तिन्ही मी शिवते. त्यामुळे चर्चमध्ये बायकांनी काय घालावं याबद्दल ज्याला ज्याला मत आहे, तो कधी ना कधी माझ्याकडे येऊन ते सांगून गेलेला आहे. आता थोडं माझं ऐका.

आधी धंद्यातली गोष्ट. लग्नाच्या मिस्सेत नवरी लोकांकडे पाठ करून असते. वेदीपुढे दोघांच्या खुर्च्या, गुडघे टेकायचा बाक, आणि जवळजवळ तासभर तेच दृश्य. तिचा गळा दिसतो तो एकट्या फादरना, आणि त्यांचं लक्ष समोरच्या पुस्तकात. पाठ मात्र सगळं चर्च बघत असतं. तरी भांडण नेहमी गळ्यावरून. "आंटी, पुढून अजून एक इंच वर घ्या", "पुढे स्किन कलरची नेट लावा". पाठीचा विषय आयांच्या डोक्यात येतच नाही, कारण ट्रायलला मुलगी आरशासमोर उभी असते आणि आरशात पुढची बाजू दिसते.

म्हणून ट्रायलला मी प्रत्येकीकडून थोडी कवायत करून घेते. हात वर कर. गुडघे टेक, ऊठ. आता टेबलावर वाक, रजिस्टरमध्ये सही करतेस असं समज. स्ट्रॅपलेस गाऊन असेल तर हात वर करताच तो खाली सरकतो आणि मुलगी दोन्ही अंगठ्यांनी तो वर ओढते. परत सरकतो, परत ओढते. मी एवढंच विचारते, "वचन देताना हात कुठे असतील गं तुझे? त्याच्या हातात की गाऊनवर?" बहुतेक जणी मग स्वतःहून बाही मागतात. पाप, नरक, सैतान असलं काहीच मला काढावं लागत नाही. आणि उलट्या बाजूचंही सांगते. ईस्टर झाल्यावर, त्याआधीच्या उपवासकाळात अडलेली सगळी लग्नं एप्रिल-मेमध्ये येतात. नुसते पंखे असलेल्या चर्चमध्ये, आतून अस्तर लावलेली, मनगटापर्यंत बंद बाही घालून नवरी घामाने थबथबते. तिचंही लक्ष देवाकडे नसतं. कोपराखाली थोडी बाही, खाली हात मोकळा, पाठीला बटणांची ओळ. माझा सल्ला हा असतो आणि त्यात धर्म कमी, मुंबईची हवा जास्त.

आता बोर्डाकडे येते. मुंबईत बऱ्याच चर्चच्या दाराशी तो दिसतो: फ्रॉक, शॉर्ट्स, स्लीव्हलेस यांची चित्रं आणि त्यावर लाल फुल्या. एका चर्चच्या बोर्डावर मी नीट बघितलं, फुल्या मारलेल्या चित्रांत एकच बाप्या होता आणि तोही बर्म्युडा घातलेला, कोपऱ्यात. बाकी सगळ्या बायका. रविवारी संध्याकाळच्या इंग्रजी मिस्सेला फुटबॉलची जर्सी घालून, पाठीवर कुठल्यातरी परदेशी खेळाडूचं नाव मिरवत येणारे पोरगे आहेत. गुडघे टेकले की ज्यांच्या जीन्स कुठे उतरतात ते मागच्या बाकावरच्या माणसाला विचारा. त्यांची बोर्डावर जागा नाही.

बोर्डाच्या जोडीला व्हॉट्सअॅप आहे. उपवासकाळ सुरू झाला की एक मेसेज येतोच: पोपची आज्ञा आहे की गळ्याच्या खळगीपासून दोन बोटांपेक्षा खाली गळा नसावा, बाही कोपरापर्यंत तरी हवी, स्कर्ट गुडघ्याखाली. शिंपीणच मी, मापं म्हटल्यावर कान टवकारले. ते माप १९२८ साली रोममधल्या एका कार्डिनलच्या, म्हणजे पोपच्या खालच्या बड्या धर्माधिकाऱ्याच्या, नावावर फिरतं. त्यानंतर १२ जानेवारी १९३० रोजी पोप अकराव्या पायसच्या हुकमावरून रोमच्या एका खात्याने जगभरच्या बिशपांना सूचनापत्र पाठवलं, ते मात्र पक्कं. आणि ते कडकच आहे. सभ्य कपडे नसलेल्या बाईला कम्युनियन देऊ नये, बाप्तिस्म्याला गॉडमदर म्हणून उभं करू नये, कपडे अगदीच वाईट असतील तर चर्चमध्ये घेऊ नये. आईबापांनी आणि शाळा चालवणाऱ्या सिस्टरांनी मुलींच्या कपड्यांवर लक्ष ठेवावं. पण बोटं, इंच, कोपर यांतलं त्यात काही नाही. इटलीचे संत पाद्रे पिओ, ज्यांचे फोटो आमच्याकडे रिक्षातसुद्धा लावलेले असतात, तेही आखूड स्कर्टवाल्या बायकांना कन्फेशनवरून परत पाठवायचे. तेव्हा कडकपणा चर्चमध्ये नव्हताच असं मी म्हणणार नाही. होता. लिहून ठेवलेला होता.

डोक्यावरच्या कापडाचंही तसंच. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात सरळ कलम होतं: पुरुषांनी उघड्या डोक्याने यावं, बायकांनी डोकं झाकून आणि नीट कपड्यांत, विशेषतः कम्युनियन घ्यायला जाताना. त्या कायद्यामुळे माझ्या आईच्या पर्समध्ये काळ्या लेसचा रुमाल असायचा. ऑफिसला जाता-येता मध्येच चर्चमध्ये शिरावंसं वाटलं तर तो डोक्यावर. लेस विसरली तर साधा हातरुमाल, वर पिन. मी लहान असताना तो लेसचा रुमाल कपाटात होता, पण डोक्यावर कधी बघितला नाही. १९७६ साली रोमने एका जाहीरनाम्यात लिहिलं की डोकं झाकणं ही शिस्तीची लहानशी बाब होती, आता ती बंधनकारक नाही. १९८३ ला नवा कायदा आला, त्यात ते कलमच नाही.

१९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे आज चर्च अधिकृतपणे जे शिकवतं त्यात, काय आहे? मर्यादेवर काही परिच्छेद आहेत, २५२१ पासून पुढे. कपडे निवडताना ती असावी, असं आहे. ती माणसाच्या आतलं जपते, असं आहे. आणि २५२४ मध्ये एक वाक्य आहे की मर्यादेची रूपं प्रत्येक संस्कृतीत वेगवेगळी असतात. पुस्तकात माप नाही. बोर्ड लावणाऱ्यांनी हे वाक्य वाचलं असेल तर ते माझ्या आजीसाठी लिहिलंय हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

आजी लुगडं नेसायची. चौकड्यांचं, सुती, मागे काष्टा. पोटऱ्या उघड्या. शेतात, खाडीत, बाजारात जाणाऱ्या बाईला पायघोळ परवडत नाही. आमच्या लोकांचा धर्म पोर्तुगीजांच्या काळात बदलला, नावं बदलली, आडनावं बदलली, लुगडं राहिलं. तेच लुगडं नेसून ती रविवारी मिस्सेला जायची, फक्त धुतलेलं आणि अंगावरून डोक्यापर्यंत पांढरं वस्त्र घेऊन. गळ्यात पोत, केसांत फूल. दोन बोटांच्या हिशोबात ती बसली असती? पोटऱ्यांवर तर बोर्डाची लाल फुलीच पडली असती. पण त्या काळात गावातल्या कुठल्याही फादरने तिला, तिच्या सासूला, कुणाला परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. त्यांना ते कपडे दिसतच नव्हते. सगळ्याच बायका तशा होत्या.

मग आईची पिढी. आई लग्नाआधी फोर्टमध्ये एका ऑफिसात टायपिस्ट होती, साठच्या दशकात. फ्रॉक घालून जायची. गुडघ्याखाली घेर, छोटी बाही, कमरेला पट्टा, स्वतःच्या हातांनी शिवलेला. चर्चच्या दृष्टीने त्या फ्रॉकमध्ये खोट काढायला जागा नव्हती, कॉलरसकट अंग झाकलेलं. पण ट्रेनमध्ये आणि चाळीच्या कोपऱ्यावर त्याच फ्रॉकचा अर्थ वेगळा लागायचा. हिंदी सिनेमात तेव्हा फ्रॉकवाली मुलगी म्हणजे नाव मेरी किंवा डॉली, क्लबात नाचणारी, बाप दारुडा, आणि शेवटच्या रिळाआधी गोळी लागून मरणार. थेटरातून बाहेर पडलेल्या लोकांनी ती बघून आमच्या आयांकडे बघितलं. आई सांगते, तिच्या ऑफिसातली साडी नेसणारी एक मैत्रीण पोट, पाठ, कंबर उघडी टाकून निवांत यायची आणि तिला कुणी काही म्हणत नसे. आईचं फक्त नडगीपासून खालचं दिसायचं, तर तिला शिट्ट्या. नंतर आईनेही ऑफिसला साडी सुरू केली. "लाज वाटली म्हणून नाही गो," ती अजून सांगते, "कंटाळा आला म्हणून."

तेव्हा मला कुणी इंच सांगायला आलं की मी नाईटीची गोष्ट काढते. आमच्या गावठाणातच नाही, अख्ख्या मुंबईत बायका सकाळी दुधाला, पावाला, पोराला रिक्षात बसवायला नाईटी घालून, वर ओढणी टाकून जातात. मानेपासून घोट्यापर्यंत झाकलेलं, बाहीसुद्धा असते. त्या मेसेजमधल्या सगळ्या मापांत नाईटी पहिल्या नंबराने पास होईल. आता ती घालून कुणी रविवारच्या मिस्सेला आलं तर? बोर्ड लावणारेच आधी धावत येतील. म्हणजे त्यांनाही मनातून ठाऊक आहे की प्रश्न किती अंग झाकलंय एवढ्यावर संपत नाही. कुठे चाललोय आणि कुणाला भेटायला, हेही त्यात आहे. हे मला पटतं. घरचे कपडे आणि देवळाचे कपडे आमच्या हिंदू शेजारणीही वेगळे ठेवतात, सण असो नसो. चर्चमध्ये नीट जावं, इस्त्रीचं घालावं, यात मी बोर्डाच्या बाजूची आहे. रोमला सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमच्यातली कोणी तिथे निघाली की मीच तिला पातळ स्टोल शिवून देते.

माझं भांडण वेगळं आहे. ते सोन्याबद्दल आहे.

बायकांच्या कपड्यांबद्दल बायबल काढायचं म्हटलं की सगळे पौलाकडे, म्हणजे बायबलमधली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषिताकडे, जातात. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, दुसरा अध्याय, नववं वचन. मर्यादेने राहा, एवढा अर्धा भाग प्रत्येकाला पाठ असतो. पण पौल तिथे थांबत नाही, पुढे काय टाळायचं तेही सांगतो. बाही? गळा? गुडघा? नाही. त्याची यादी अशी: केसांच्या गुंफणी, सोनं, मोती आणि महागडी वस्त्रं. पेत्राच्या पत्रातही तसंच आहे, केस आणि सोन्याचे दागिने. त्या दोघांना जे खटकलं ते उघडं अंग नव्हतं, किमान या ओळींत तरी नाही. खटकलं ते हे की कुणीतरी आपला पैसा अंगावर चढवून प्रार्थनेला येतंय आणि शेजारी मोलकरीण बसलीय.

हे वचन मी मोठ्याने वाचलं की माझ्या टेबलाभोवती शांतता पसरते. कारण आमची लग्नं तुम्ही बघितली असतील. स्लीव्हलेसबद्दल कुजबुज करणाऱ्या मावशीच्या मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. एका नवरीचा गाऊन मी पुढून, मागून, सगळीकडून झाकून दिला होता, आईच्या पूर्ण मनासारखा, आणि त्याच्या कळ्यांवर एवढं हातकाम, एवढे खडे होते की त्या पैशांत गल्लीतल्या दुसऱ्या मुलीचं लग्न जेवणासकट झालं असतं. बिल मीच केलं होतं, त्यामुळे आकडा मला पाठ आहे. त्याला कुणी असभ्य म्हटलं नाही. फादरांनी उपदेशात नवरीच्या शालीनतेचं कौतुक केलं.

आजीच्या अंगावरही सोनं होतं, लपवत नाही. पण तिची बँक तीच होती. पावसाळ्यात गहाण, सुगीला सुटलं. पौलाने ते बघितलं असतं तर काय म्हटलं असतं मला सांगता येत नाही, पण मी त्याच्याशी वाद घातला असता.

आणि पौलाचं सगळंच मी उचलून धरते असंही नाही. त्याच अध्यायात आणखी दोन ओळी खाली बायकांनी गुपचूप शिकावं, शिकवू नये असं आहे. आमच्या चर्चमध्ये वाचनं निम्मी बायका वाचतात. संडे स्कूल तर बायकांशिवाय उद्या बंद पडेल. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी वाचकाचं आणि वेदीसेवकाचं पद कायद्यानेच बायकांना खुलं केलं. म्हणजे त्या ओळींचं काय करायचं ते चर्चने हळूहळू ठरवलंय. बाहीवाल्यांनी ते मान्य केलंय, कारण वाचायला पुरुष मिळत नाहीत. नवव्या वचनाच्या एक ओळ वर, आठव्यात, पुरुषांनाही एक सांगणं आहे: राग आणि वाद सोडून हात वर करून प्रार्थना करा. ते कुठल्याच बोर्डावर नाही. ते लावलं तर आमच्या पॅरिश कौन्सिलची मीटिंगच घेता येणार नाही.

मला आवडलेला पोप या बाबतीत बारावा पायस. हा माणूस मऊ नव्हता, मर्यादेवर तो भरपूर बोलला. पण ८ नोव्हेंबर १९५७ ला त्याच्यासमोर कोण बसलं होतं? फॅशनवाले. उंची कपडे करणाऱ्यांच्या लॅटिन देशांतल्या संघटनेचे लोक. म्हणजे माझेच भाऊबंद, फक्त त्यांची दुकानं मोठी. त्यांना त्याने सांगितलं की कपड्याला तीन कामं असतात: शरीराचं रक्षण, मर्यादा आणि शोभा. तिसरं लक्षात घ्या. माणसाला सुंदर दिसावंसं वाटतं, हे त्याने कपड्याच्या कामांतच धरलंय. माझ्याकडे येणाऱ्या पोरीला मी हे सांगते, कारण घरून ती हे ऐकून आलेली असते की सुंदर दिसायची इच्छाच वाईट.

एक काका आहेत, चर्चच्या कमिटीवर. त्यांचं म्हणणं एकच, "पुरुषांचं लक्ष विचलित होतं." ते पायजम्याची नाडी बदलायला माझ्याकडे येतात आणि नाडी ओवून होईपर्यंत हे बोलतात. मी म्हटलं, "काका, पहिल्या बाकावर बसत जा, पुढे फक्त वेदी." ते हसले नाहीत. मग म्हटलं, येशूनेही यावर बोललंय, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, पण त्याने डोळा उपटून टाकायला सांगितलं तो बघणाऱ्याचा. बाईला त्याने घरी जाऊन कपडे बदलून ये म्हटलेलं नाही. काका म्हणाले, "तसं शब्दशः घ्यायचं नसतं." मी म्हटलं, बरं, मग दोन बोटंही शब्दशः घेऊ नका.

हे सगळं लिहून झाल्यावर माझी भाची बोलणार, "मावशी, माझं पण लिही." तर तिचं. ती बीकेसीला नोकरी करते, जीन्स-कुर्त्यात लोकलने जाते-येते, आणि गेल्या ईस्टरपासून मिस्सेत डोक्यावर पांढऱ्या लेसची मँटिला घेते. ऑनलाइन मागवली. इन्स्टाग्रामवर अमेरिकेतल्या मुली घेतात त्या बघून, असं मी समजत होते. तसं विचारलं तर चिडली. "मला कुणी सांगितलं नाही. ती घेतली की आजूबाजूचं कमी दिसतं आणि माझं डोकं शांत होतं, बस." माझी आई, जिने साठच्या दशकात तीच लेस सक्तीने घेतली, ती नातीकडे बघून म्हणाली, "आम्हाला काढायला मिळाली तेव्हा एवढं बरं वाटलं आणि ही पैसे देऊन आणते." दोघी हसल्या. मला त्यात भांडण दिसत नाही. मराठी मिस्सेला म्हाताऱ्या बायका आजही पदर डोक्यावर घेतात, कायम घेत आल्यात. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत आणि त्यांनीही बाकीच्यांना हिणवलं नाही.

भाचीच्या लेसचं मात्र काय झालं? थोड्याच रविवारांनी एका बाईने तिच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलीला सुनावलं, "बघ, ही पण नोकरीच करते ना?" ती मुलगी बिचारी लाल होऊन बसली. भाचीलाच जास्त लागलं. तिने काही रविवार मँटिला घरीच ठेवली. परत घ्यायला लागली तेव्हा शेवटच्या बाकावर, खांबाआड बसायला लागली. खांबाआडची जागा पौलाला आवडली असती असं मला वाटतं.

यंदा आमच्याकडे फर्स्ट कम्युनियनच्या फ्रॉकचा प्रश्न कमिटीत आला. मागच्या काही वर्षांत तो फ्रॉक म्हणजे छोटं लग्नच झालाय. आठ वर्षांच्या पोरीला घेर फुगवायला आत कॅनकॅन, मागे जमिनीवर लोळणारा ट्रेल, डोक्यावर मुकुट, कोपरापर्यंत हातमोजे. एका कामवालीने आपल्या मुलीच्या फ्रॉकसाठी माझ्याकडे हप्ते मागितले होते. हप्ते मी दिले, पण त्या रात्री कापड कापायला हात लागेना. काही चर्चमध्ये सगळ्या मुलांना एकसारखा पांढरा झगा देतात. आमच्याकडे चर्चा झाली ती बाहीवरच. काकांनी विषय मांडला आणि "टेक्निकल मुद्दा आहे" म्हणून मला बोलावलं, बाही किती ते ठरवून द्या.

मी कागदावर लिहून नेलं. कापड सगळ्यांना एकच, सुती पॉपलीन, मंगळदास मार्केटमधून मी एकत्र आणते. अस्तर साधं. कॅनकॅन नाही, ट्रेल नाही, खडे नाहीत, मुकुट नाही. खर्चाची एक मर्यादा, आणि जिला तीही जड, तिचा फ्रॉक बाकीच्यांच्या पैशांतून, नाव न घेता. मोठ्या बहिणीचा जुना असेल तर तोच, मी नीट करून देते. फादरांनी वाचलं आणि मान हलवली. काकांनी कागद उलटून बघितला. "बाही?"

"छोटी. फुग्याची. आठ वर्षांची आहेत ती, काका."

पास झालं. आया नाराज आहेत, निम्म्या तरी. काल एकीचा फोन आला. आढेवेढे घेत, सगळं कसं छान ठरवलंय असं म्हणत शेवटी मुद्द्यावर आली: "आंटी, गळ्याभोवती थोडेसे मोती लावले तर कुणाला कळणार नाही ना?"

मी विचारलं, खरे?

"छे हो, प्लास्टिकचे. भुलेश्वरचे."

पौलाने मना केलेत ते मोती. भुलेश्वरच्या मण्यांबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पाठवून दे म्हटलं, पण एकाच फ्रॉकला पुरतील एवढे नको, सगळ्या पोरींना पुरतील एवढे.